वतन गेले, मानधन आले : शाळेतल्या शेवटच्या माणसाच्या पगाराचा प्रश्न

आमच्या तालुक्याच्या विहारात दर पंधरवड्याला अभ्यासवर्ग भरतो. मागे एकदा शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या पगाराचा आणि पेन्शनचा विषय निघाला तेव्हा एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "ताई, हा नोकरदारांचा प्रश्न आहे. ज्यांना साठ-सत्तर हजार मिळतात त्यांच्यासाठी चळवळीने कशाला भांडायचं? त्यांची पोरं इंग्लिश मीडियमला जातात आणि हे लोक सहा डिसेंबरलासुद्धा दिसत नाहीत." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. हा राग खोटा नाही. आरक्षणाच्या जोरावर नोकरीला लागून पुढे समाजाकडे पाठ फिरवलेले चार-दोन लोक प्रत्येकाच्या ओळखीत असतात. पण त्या मित्राचे मत मला तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही. तो शाळेकडे मुख्याध्यापकाच्या खुर्चीकडून पाहत होता. मी शाळा पाहिली ती घंटा वाजवणाऱ्याच्या बाजूने. माझे वडील, आप्पा, सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिपाई होते.

आधी शाळेच्या एकाच आवारात कोण कोण काम करते आणि कोणाला काय मिळते ते पाहू. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे कायम प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे आणि बाकीचे. त्याच्याच शेजारच्या वर्गात तेच पुस्तक शिकवणाऱ्या शिक्षणसेवकाला पहिली तीन वर्षे ठरावीक मानधन. ते २०१२ पासून प्राथमिकला ६,००० होते, आणि ते १६,००० व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. अकरा वर्षांत डाळ-तेलाचे भाव कुठून कुठे गेले ते सांगायला नको. माध्यमिक शाळेत कायम शिपायाचे मूळ वेतन १५,०००. भत्ते धरून हातात बावीस-तेवीस हजारांच्या पुढे. आणि २०२० नंतर रिकाम्या झालेल्या शिपायाच्या जागेवर काम करणाऱ्याला ग्रामीण भागात महिना ५,००० रुपये. शेवटी दुपारची खिचडी शिजवणाऱ्या बाईला महिना २,५००, तेही वर्षातले दहाच महिने.

चळवळीचा प्रश्न कोणता ते या आकड्यांतच आहे. शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर कोण उभे आहे हे पाहायला कोणत्याही आयोगाची गरज नाही, आपापल्या गावच्या शाळेत दुपारी बारा वाजता जाऊन यावे. या खालच्या माणसांना शाळेत पदाने कोणी हाक मारत नाही, नात्याने मारतात. शिपाई असेल तर 'मामा', स्वयंपाकीण असेल तर 'मावशी' किंवा 'काकू'. पोरे मायेने म्हणतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण मामा आणि मावशी यांना पगार मागता येत नाही, हेही आपल्याकडच्या नात्यागोत्याचे वैशिष्ट्य आहे.

आता आप्पांविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण माझ्या म्हणण्याचा पाया तिथे आहे.

माझे आजोबा गावचे तराळ. वतनदार महार. गावात कोणी मेले तर सांगावा घेऊन जायचे, साहेब आला तर घोड्यापुढे पळायचे, चावडीवर बसायचे, जनावर मेले तर ओढायचे. मोबदला म्हणजे खळ्यावरचे बलुते, आणि ते देणाऱ्याच्या मर्जीवर. आप्पा दहावी झाले आणि १९८७ साली राखीव जागेवर शिपाई म्हणून लागले. आजी म्हणायची, कामात काय फरक पडला? बाप चावडी झाडायचा, पोरगा शाळा झाडतो. पण फरक पडला होता आणि तो आप्पांना पहिल्याच महिन्यात कळला. पगाराच्या बिलावर त्यांचे नाव होते. पैसा संस्थेच्या खिशातून येत नव्हता, वेतन पथकाकडून, म्हणजे सरकारी तिजोरीतून येत होता. सेवापुस्तिका होती, भविष्य निर्वाह निधीचे खाते होते, रजेचा हिशोब होता.

संस्थेचे सचिव जुन्या वळणाचे. शाळेच्या शिपायांनी सुट्टीत त्यांच्या मळ्यावर यावे, घरी लग्नकार्य असेल तर वाढप करावी, असा तिथला रिवाज होता. १९९२-९३ च्या सुमाराला आप्पांनी मळ्यावर जायला नकार दिला. त्यांचे वाक्य घरात अजून सांगतात, "साहेब, माझा पगार ट्रेझरीतून येतो. तुमच्या मळ्याचं बिल ट्रेझरीला जात नाही." त्यानंतर त्रास झालाच. मेमो आले, सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जायची रजा नाकारली, एकदा तर कामावरून काढण्याची नोटीस आली. पण काढता आले नाही. कारण महाराष्ट्रात खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आहे, १९८१ ची नियमावली आहे, आणि तिच्यात शिक्षकाइतकाच शिपायाचाही समावेश आहे. चौकशी केल्याशिवाय कायम कर्मचाऱ्याला काढता येत नाही, आणि काढलेच तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. आप्पांनी वकिलाकडून एक उत्तर पाठवले आणि प्रकरण तिथेच थांबले.

माझ्या मते कायम पगाराचे पहिले मोल हे आहे. पैसा नंतर येतो. गावात आमच्या घराण्यातला पहिला माणूस ज्याने सवर्ण मालकाला नाही म्हटले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी चूल पेटली, तो माझा बाप. समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्हाला सामाजिक गतिशीलता नावाचा धडा होता. त्यात शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न असे घटक मोजतात. मान वर करून नाही म्हणता येणे हा घटक कोणत्या तक्त्यात बसवायचा, हे मला प्राध्यापकांना विचारावेसे वाटायचे.

पैशाचेही मोल होतेच. पतसंस्थेच्या कर्जातून दोन खोल्या पक्क्या झाल्या. थोरला भाऊ आयटीआय झाला, मी सोलापूरच्या वसतिगृहात राहून एम.ए. केले, धाकटीचे नर्सिंग झाले. आईच्या ऑपरेशनला भविष्य निर्वाह निधीतून उचल मिळाली, सावकाराकडे जावे लागले नाही. आता आप्पांना पेन्शन आहे, ती जुन्या नियमाची, आणि आप्पा कोणाच्या दारात नाहीत. आरक्षणातून काय मिळाले, असे कोणी विचारले की लोक कलेक्टर आणि डॉक्टर दाखवतात. ती उदाहरणे हवीतच. पण खेड्यातली आपली हजारो घरे उभी राहिली ती शिपाई, परिचर, चौकीदार, सफाईगार, प्रयोगशाळा परिचर यांच्या पगारावर. पहिली पिढी वर्ग चारमध्ये शिरली म्हणून दुसरी पिढी वर्ग तीन आणि दोनचा फॉर्म भरू शकली.

आप्पा २०२१ मध्ये निवृत्त झाले, आणि त्यांच्याबरोबर ते पदही निवृत्त झाले.

११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने असे ठरवले की अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणीची पदे रिक्त होतील तशी ती नियमित वेतनश्रेणीत भरायची नाहीत. जे कामावर आहेत ते निवृत्त होईपर्यंत राहतील. पुढे शाळेला 'शिपाई भत्ता' मिळेल : मुंबई-पुण्यात १०,०००, इतर शहरी भागात ७,५००, ग्रामीण भागात ५,०००. त्यात शाळेने माणूस ठेवायचा. शब्द नीट पाहा. भत्ता शाळेला आहे, माणसाला नाही. माणूस सरकारचा नाही, त्याचे नाव पगाराच्या बिलावर नाही, शालार्थ प्रणालीत नाही. पद नाही म्हणून सेवापुस्तिका नाही, रजा नाही, निधी नाही, पेन्शन नाही. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, पद नाही म्हणून बिंदुनामावली नाही. बिंदुनामावली पदांची असते. ज्या जागेवर आप्पा राखीव बिंदूवर लागले, ती जागा आरक्षणाविरुद्ध एक अक्षरही न लिहिता आरक्षणाच्या बाहेर गेली. राज्यघटनेचा अनुच्छेद १६(४) जागेवरच आहे, फक्त तो लावायला खाली पद उरलेले नाही.

आज आप्पांच्या जागी आमच्याच वस्तीतला एक मुलगा काम करतो. तो बी.ए. आहे, टायपिंग येते, एमएस-सीआयटी झालेले आहे. महिना ५,०००, तेही संस्थेमार्फत, कधी दोन महिन्यांनी तर कधी तीन. नेमणुकीचा कागद नाही. संध्याकाळी तो टेम्पोवर जातो. ग्रामीण रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२४-२५ ला दिवसाला २९७ रुपये होती. सव्वीस दिवस खडी फोडली असती तर ७,७२२ रुपये झाले असते. म्हणजे शाळेत घंटा वाजवणाऱ्या पदवीधराला खडी फोडणाऱ्यापेक्षा कमी. मळ्यावर तो जातो का, हे मी त्याला विचारले. तो हसला आणि म्हणाला, "ताई, जावंच लागतं. नाही म्हणायला माझा पगार कुठं ट्रेझरीतून येतो?" आप्पांचे वाक्य वस्तीत सगळ्यांना पाठ आहे.

बाबासाहेबांचे बालपण वाचलेल्या प्रत्येकाला शाळेतला शिपाई माहीत आहे. साताऱ्याच्या शाळेत अस्पृश्य मुलाने नळाला हात लावायचा नाही, शिपायाने नळ उघडून दिला तरच पाणी प्यायचे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेले राहायचे. त्या शिपायाच्या जागेवर आपल्या माणसाने बसणे ही छोटी गोष्ट नव्हती. आप्पांच्या शाळेत पाण्याच्या टाकीची किल्ली तेहतीस-चौतीस वर्षे आप्पांच्या कमरेला होती.

याच ठिकाणी मला बाबासाहेबांच्या वतन बिलाची आठवण होते. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही, पण त्यामागचा विचार आज पुन्हा वाचण्यासारखा आहे. वतनदार महाराच्या कामाला वेळेची मर्यादा नाही, रात्रंदिवस बोलावले की हजर. तो नसेल तर त्याच्या बापाला, घरातल्या माणसाला धरून नेत. आणि मोबदला काय, तर थोडी इनामी जमीन आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते. काम सरकारचे, मोबदला मात्र गावाच्या दयेवर, यावर बाबासाहेबांचा मुख्य घाव होता. काम घेतो तो पगार देईल, आणि तो ठरलेला असेल, ही त्यामागची साधी मागणी. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली. आपण समजलो, विषय संपला.

आता 'मानधन' हा शब्द घ्या. त्यात मान आहे आणि धनही आहे, फक्त हक्क नाही. वतनाची लक्षणे शोधायची असतील तर शाळेच्या स्वयंपाकखोलीत जावे.

आमच्या वस्तीतल्या एक मावशी पंधरा वर्षांपासून जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार शिजवतात. कागदावर त्या 'स्वयंपाकी तथा मदतनीस'. सकाळी नवाला जातात, तांदूळ-डाळ निवडतात, चूल पेटवतात, शिजवतात, वाढतात, भांडी घासतात, खोली झाडून अडीचला घरी येतात. गॅस संपला की सरपण त्यांनीच आणायचे. शाळेला शिपाई नाही. जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांना तो नसतोच. म्हणून वर्ग उघडणे, पाणी भरणे, कधी शौचालय धुणे हेही मावशींकडे. आजारी पडल्या तर सून जाते. बदली माणूस घरातूनच द्यायचा, हा नियम कोठे लिहिलेला नाही, पण तो पाळला जातो. मला एकदम आजोबा आठवतात.

२००९ पासून त्यांचे मानधन हजार रुपये होते. मग दीड हजार झाले, आणि २०२३ मध्ये अडीच हजार. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर दिवसाला १०४ रुपये. मे महिन्यात काही नाही, कारण मे महिन्यात शाळा नाही. शिक्षकाला मे महिन्याचा पगार मिळतो, तो मिळालाच पाहिजे. पोट मे महिन्यातही असते, म्हणून मिळतो. मग मावशींचे पोट? २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार त्यांच्या खात्यात येतात. मावशी म्हणतात, "नुसती बहीण म्हणून दीड हजार देतेत, आन् साठ पोरांचं रांधती म्हणून अडीच. म्हंजी माझ्या रांधण्याची किंमत हजारच की!" अर्थशास्त्राची पदवी नसलेल्या बाईने केलेला हा हिशोब मला कुठल्याही अग्रलेखात दिसला नाही.

या कामात जात कुठे आहे, असा प्रश्न कोणाला पडेल. एप्रिल २००४ मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शाळेत स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलितांना, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे. हेतू चांगला होता. आपल्या बाईच्या हातचे सगळ्या जातींच्या पोरांनी एका पंगतीत खावे, हा महाडच्या पाण्याचाच पुढचा भाग आहे. आणि विरोधही तसाच झाला. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित भोजनमातेने शिजवलेले अन्न सवर्ण मुलांनी खायला नकार दिला आणि तिलाच कामावरून काढले. ओरड झाल्यावर परत घ्यावे लागले. मावशींनाही सुरुवातीला दोन वर्षे चार घरांनी डबे धाडून उत्तर दिले होते. मावशी टिकल्या, डबे थांबले. पण ज्या कामात जातीची भिंत रोज अंगावर घ्यायची, त्या कामालाच सरकारने 'मानसेवी' ठरवून ठेवले. एवढे मोठे सामाजिक काम आपल्या बायकांकडून करून घ्यायचे आणि त्यांना कर्मचारी मात्र म्हणायचे नाही.

कायद्याचा आधार नाही असेही नाही. अनुच्छेद २३ वेठबिगारीला बंदी करतो. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे हेसुद्धा सक्तीचे श्रमच, कारण भूक हीच सक्ती असते. डिसेंबर २०२० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने हेच सूत्र शाळेतल्या स्वयंपाकिणीला लावले आणि महिना हजार रुपयांवर तिच्याकडून काम घेणे ही अनुच्छेद २३ ने मनाई केलेली वेठबिगारी ठरवली. हा निकाल आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ पाहिजे. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना-कर्मचाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्या, अशी शिफारस केली, ती अजून पडून आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. मानधन या नावाखाली जे मिळते ते वेतनच, असे त्या निकालाने धरले. अंगणवाडीतली मदतनीस आणि शाळेतली स्वयंपाकीण यांच्या कामात फरक काय? एक अंगणवाडीच्या खोलीत रांधते, दुसरी शाळेच्या. अंगणवाडीवाल्या संघटित झाल्या, कोर्टात गेल्या, म्हणून त्यांना मिळाले.

बाळंतपणाचे तर बोलूच नये. शेजारच्या गावातली एक तरुण स्वयंपाकीण सातव्या महिन्यापर्यंत मोठे पातेले उचलत होती, आणि बाळंत झाल्यावर परत आली तेव्हा तिच्या जागी दुसरी होती. बाबासाहेब १९२८ साली मुंबई कौन्सिलात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले होते. त्याला जवळजवळ शंभर वर्षे झाली.

जुन्या पेन्शनकडे मी याच बाजूने पाहते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना महाराष्ट्रात जुनी पेन्शन नाकारली गेली. मार्च २०२३ मध्ये सात दिवसांचा संप झाला, २०२४ मध्ये सरकारने सुधारित योजना आणली. त्या संपाला आम्ही पाठिंबा दिला होता आणि तो बरोबरच होता. आरक्षणाचा अनुशेष वर्षानुवर्षे तुंबवून ठेवला गेला आणि उशिरा भरला गेला. ज्यांची भरती उशिरा झाली तेच २००५ च्या रेषेच्या पलीकडे पडले. त्यात आपली पहिल्या पिढीची मुले-मुली किती, हे प्रत्येक शिक्षक संघटनेने मोजावे. शिवाय २००१ नंतरच्या 'कायम विनाअनुदानित' धोरणात अडकलेले शिक्षक वेगळेच. 'कायम' शब्द काढायला २००९ साल, वीस टक्के अनुदान यायला २०१६. तोपर्यंत ऐन उमेदीची पंधरा वर्षे बिनपगारी. आझाद मैदानावर बसलेल्या त्या लोकांमध्ये मला दरवर्षी ओळखीची माणसे भेटतात.

पण एक गोष्ट शिक्षक संघटनांना तोंडावर सांगायला हवी. संपाच्या आठवड्यात आमच्या तालुक्यात मोर्चा निघाला, 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा दुमदुमली. मावशी शाळेच्या बंद फाटकाशी उभ्या राहून तो मोर्चा बघत होत्या. त्यांच्या अडीच हजारांचा एकही फलक त्या मोर्चात नव्हता. ज्या शाळेत मावशी शिजवते आणि तिचा हिशोब मुख्याध्यापक लिहितो, तिथल्या माणसांना तिचे मानधन तीन महिने थकलेले माहीत असते. बोलत कोणीच नाही. ऑनलाइन माहिती भरणे, आहाराच्या नोंदी यांचा वैताग शिक्षकांना आहे हे मला मान्य आहे. पण शिपायाची जागा गेली तेव्हा शिक्षक संघटना जेवढ्या जोरात बोलायला हव्या होत्या तेवढ्या बोलल्या नाहीत, असे माझे मत आहे. २०२३ च्या जुलैमध्ये निवृत्त शिक्षकांना २०,००० वर नेमण्याचा निर्णय आला तेव्हा मात्र आवाज वाढला. आग खालच्या मजल्यावर लागलेली होती, ती वर पोहोचायला तीन वर्षे लागली, एवढेच.

त्याच वर्षी ६ सप्टेंबरला बाह्य यंत्रणेमार्फत म्हणजे खाजगी कंपन्यांमार्फत सरकारी कामांसाठी माणसे पुरवण्याचा शासन निर्णय निघाला. नऊ कंपन्या ठरल्या होत्या. राज्यभर तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. त्यात आपली पोरे आघाडीवर होती. यावरून एवढे दिसते की कंत्राटीकरण ही देवाची करणी नाही, लोक उठले तर शासन निर्णय रद्द होतो. मग शिपाई भत्त्याच्या निर्णयाविरुद्ध आपण का उठलो नाही? मला वाटते, स्पर्धा परीक्षा करणाऱ्या तरुणाला कलेक्टरची खुर्ची जवळची वाटते आणि शिपायाचे स्टूल लाजेचे. बापाने ज्या स्टुलावर बसून शिकवले त्याचीच लाज.

तिजोरीत पैसे नाहीत, हे उत्तर ठरलेले आहे. पगार-पेन्शनवर फार खर्च होतो, हे ऐकायला आपणही सरावलो आहोत. अनुच्छेद ३९(घ) समान कामाला समान वेतन सांगतो, अनुच्छेद ४३ निर्वाह वेतन सांगतो. तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामासाठी नियमित पदाचे किमान वेतन मिळाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या खटल्यात २०१६ साली सांगितले. ही जबाबदारी टाळायची असेल तर सरकारला सोपा मार्ग एकच : ज्याच्याशी तुलना होईल ते नियमित पदच ठेवायचे नाही. शिपाई भत्त्यात नेमके तेच झाले.

आमच्या गटाने गेल्या सहा महिन्यांत एवढे केले. तालुक्यातल्या अनुदानित शाळांकडे माहिती अधिकारात तीन गोष्टी मागितल्या : २०२० नंतर रिक्त झालेली चतुर्थश्रेणी पदे, ती कोणत्या बिंदूची होती, आणि शिपाई भत्ता कोणाच्या खात्यावर जमा होतो. काही शाळांनी उत्तर दिले, बऱ्याच शाळांनी 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असे कळवले, त्यांच्याविरुद्ध पहिले अपील चालू आहे. दुसरीकडे बावीस स्वयंपाकिणींच्या बँक पासबुकांच्या नोंदी आणि हजेरीचे दिवस एका वहीत मांडले. कोणाचे किती महिने थकले ते तारखेनिशी आमच्याकडे आहे. मावशींची वही मीच लिहिते. त्यांची पहिली मागणी मे महिन्याच्या मानधनाची आहे, दुसरी ओळखपत्राची. ही वही घेऊन आम्ही आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि मग कामगार आयुक्तांकडे जाणार आहोत. शिक्षक संघटनेच्या तालुका शाखेलाही बरोबर यायचे पत्र दिले आहे. दोघेजण येतो म्हणाले आहेत. माहिती अधिकाराच्या अर्जाचा आणि वहीच्या रकान्यांचा नमुना ज्या तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना हवा असेल त्यांनी कळवावे, पाठवून देऊ.